दुसरं बोलावणं

ये, जरा जवळ सरक. कागदावरनं का होईना, पण सरक. आणि तो मोबाईल आधी पालथा घाल बघू. काल तुझ्या आईचा फोन आला होता, म्हणाली, पोरगी ताटावर बसते तरी अंगठा त्या यादीवर वर-खाली चालूच. विद्यापीठात वेटिंगला नाव लागलंय म्हणे. लागलं तर लागलं. त्यासाठी कावीळ झाल्यासारखं तोंड करून बसायचं असतं का गं प्रज्ञा? आणि इतके दिवस झाले, आज्जीला एक फोन नाही. "ॲडमिशन झाली की करते," असं म्हणालीस म्हणे. अगं, झाल्यावर तर सगळेच फोन करतात. ज्याचं झालं नाही त्यानं करायचा असतो, म्हाताऱ्या माणसांचा तेवढाच तर उपयोग.

मी माझ्या लहानपणाचं लिहायला घेतलंय हे तुला ठाऊकच आहे. तुझा बाप म्हणतो, आई, तू बोलतेस तसंच लिहितेस, वाक्य संपतच नाही. नाही संपत. मला कुणी लिहायला बसवून शिकवलंय का? तर या खेपेला वेटिंगचा भाग लिहिते. मीही एकदा त्याच जागी बसले होते. तुझ्या बापालासुद्धा मी हे सलग सांगितलेलं नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं, विषय निघाला नाही इतकंच. आता तू काढलास.

आमचं घर कोल्हारात, प्रवरेच्या अंगाच्या वस्तीत. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, साखर कारखान्यात गव्हाणीवर होते. गव्हाण म्हणजे जिथं उसाच्या मोळ्या पडतात आणि साखळी त्यांना ओढून आत नेते ती जागा. हंगाम चालू असला की आमच्या घराचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. पहिल्या भोंग्याला आईचा तवा तापलेला असायचा, दुसऱ्याला दादांच्या सायकलची कडी वाजायची. घरभर मळीचा वास. बाहेरगावचे पाहुणे नाकाला पदर लावायचे, आम्हाला मात्र तो वास गेला की चुकल्यासारखं व्हायचं. दादा घरी यायचे तेव्हा त्यांच्या कानामागं, मानेच्या वळीत उसाची कुसं चिकटलेली असायची आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आधी हापशावर जावा, मग चुलीजवळ या. तुमच्या अंगाला मुंग्या लागतील." बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचं कूट घातलेली पातळ आमटी, खलबत्त्यात कुटलेला ठेचा. पातळ म्हणजे इतकी पातळ, की दादा वाटीत बघून म्हणायचे, "आज तोंड चांगलं दिसतंय." आई म्हणायची, "मग दाढी करून घ्या तेवढ्यात."

मी दादांचा डबा घेऊन कारखान्यात जायची. वाटेत काचेच्या खिडक्यांची एक खोली लागायची. आत पांढरे कोट घातलेली माणसं रसानं भरलेल्या काचेच्या नळ्या उजेडाकडं धरून बघायची. बाहेर एवढा धडधडाट, धूर, चिखल, आणि ती माणसं मात्र एवढ्याशा नळीत बघून ठरवायची की या उसात साखर किती. मला त्या खोलीचं वेड लागलं. तिथं बसायचं तर रसायनशास्त्र शिकायला लागतं, असं मला आमच्या हायस्कूलच्या सरांनी सांगितलं आणि मी ते मनात घट्ट धरलं. दादांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "मोळ्या मी टाकायच्या आन रस तू बघायचा. बरं हाय. घरातल्या घरात."

आता दादांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्याकडं लग्नकार्याचं जेवण असलं की आवतन दोनदा यायचं. एकदा आधी, की अमक्या दिवशी आमच्याकडं जेवायला या. आणि त्या दिवशी पंगत बसायची वेळ झाली की परत माणूस यायचा, दारात उभा राहून नाव घ्यायचा आणि म्हणायचा, "चला, पानं मांडली." हे दुसरं बोलावणं. ते येईपर्यंत शहाण्या माणसानं धुतलेले कपडे घालून घरात बसून राहायचं. आधीच उठून मांडवात गेला तो हावरा. आणि बोलवायला आलेल्या माणसाला कोरडं धाडायचं नाही, गूळ-पाणी द्यायचं. हे सगळं गाव पाळायचं, पण दादा ते जरा जास्तच पाळायचे, आणि त्याला कारण होतं. दादांच्या लहानपणी आमच्या लोकांना पहिलं आवतन नव्हतं न् दुसरंही नव्हतं. दादांचे वडील मांडवाच्या बाहेर, गोठ्याच्या कडेला, टोपलं घेऊन बसायचे. सगळं गाव जेवून उठलं की आतनं आरोळी यायची, "ए, या रे!" नाव नाही, गाव नाही, नुसतं ए. मग उरलेलं टोपल्यात पडायचं. दादा त्यांच्या शेजारी बसलेले असायचे. पुढं आम्ही बौद्ध झालो, आणि दादांनी त्या दिवसापासनं एकच गोष्ट धरली. नाव घेऊन बोलावलं तर जायचं. न्हाई तर उपाशी निजायचं, पण कुणाच्या दारात जाऊन थांबायचं न्हाई. हे त्यांनी आम्हाला कधी शिकवलं नाही. तू पाणी प्यायला शिकलीस का कुणाकडनं? तसं ते आमच्यात आलं.

बारावीला मला मार्क बरे पडले, पण फार बरे नाही. विद्यापीठाच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या थोड्याच जागा, आणि वसतिगृह तिथंच, म्हणून सगळ्यांची धाव तिकडं. राखीव जागा माझ्या आधीच भरल्या, आणि राहिलेल्यांसाठी सगळ्यांची मिळून एकच यादी लागली. त्यात माझं नाव. माझ्या खालोखाल शमीमचं.

शमीम माझ्याच वर्गातली, मागच्या आळीत राहायची. तिची आई, आम्ही सगळी वस्ती तिला खालाच म्हणायचो, डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायची. खालाच्या आवाजाला लांबच्या वस्तीवरची कुत्रीसुद्धा ओळखायची. आईच्या हातात बांगडी चढवताना ती हात असा दाबायची की आई ओरडायच्या आधीच बांगडी मनगटात. आणि तोंड अखंड चालू. कोल्हारपासनं सोनईपर्यंत कुणाच्या घरी काय शिजलं ते आम्हाला खालाकडनं कळायचं.

तर दोघींना सारखंच पोस्टकार्ड आलं. तुमचं नाव प्रतीक्षा यादीत आहे, अमुक दिवशी सकाळी, जागा उरल्यास, भरल्या जातील. दोन ओळी. आज तुम्हाला निदान राऊंड काय, कागद कोणते, सगळं मोबाईलवर येतं, तरी तुम्ही घाबरता. आम्हाला तेवढंच. मी ते दादांना वाचून दाखवलं. ते परत वाच म्हणाले. मी परत वाचलं.

"उरल्यास," दादा म्हणाले.

"व्हय."

"आन या म्हनून कुठं लिव्हलंय?"

लिहिलेलं नव्हतं. दादा कारखान्याकडं बघत बसले. जून संपत आला होता, हंगाम नव्हता, यंत्रं उघडून दुरुस्तीला ठेवलेली, धुराडं थंड. दादांच्या हाताला उसाच्या जागी ग्रीसचा वास. मग म्हणाले, "नाव घेतलंय त्येंनी, ते काय कमी न्हाई. पयलं आवतन आलं म्हनायचं. जागा झाली की दुसरं येईल. माणूस येईल न्हाई तर तार येईल. तोवर आपुन आपल्या घरी."

मला ते पटलं. हेच तुला सांगायचंय प्रज्ञा, मला ते अगदी पटलं. हटून बसले, रडले असं काही झालं नाही. ज्या घरात वाढले त्या घरात ते बरोबरच होतं.

खालाला पटलं नाही. आदल्या दिवशी ती दारात पेटी उतरवून बसली. "भाऊ, पोरीला माझ्यासंगं लावून द्या. सकाळच्या एसटीनं चाललोय आमी. तिथं म्हने नाव पुकारत्यात, अन् जो समोर असंल त्याला जागा देत्यात."

दादा म्हणाले, "खाला, बोलवलं की जाऊ."

"अहो, कोन येतंय बोलवायला! तिथं काय लग्न लागलंय?"

"उरलेल्या जागेसाठी दारात जाऊन थांबायचं?"

"थांबायचं की! माझा धंदाच न बोलावता जायचा हाय, भाऊ. मी बोलवन्याची वाट बघितली असती तर या पंचक्रोशीत एकीच्या बी हातात बांगडी दिसली नसती." आणि माझ्याकडं वळून, "तू का मुकी? सांग की बापाला."

मी दादांकडं बघितलं. दादा म्हणाले, "तुमचं तुमच्यापाशी बरोबर हाय, खाला." हे ते चिडून बोलले नाहीत. खाला समजली. तिनं पेटी डोक्यावर घेतली आणि जाता जाता आईला म्हणाली, "तुझा नवरा सोन्यासारखा हाय बाई. वाकतच न्हाई." आई म्हणाली, "सोनं वाकतंय. ह्यो गव्हाणीतलं लोखंड हाय."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते आजही मला चित्रासारखं दिसतं, आणि खरं सांगायचं तर आता त्याचं दुःख होत नाही, कौतुक वाटतं. दादांनी कामावर रजा टाकली. हापशावर आंघोळ करून धुतलेला सदरा घातला. अंगणात स्वतः पाणी शिंपडलं, बाज उचलून रस्त्याकडं तोंड करून ठेवली. आईनं दोन भाकरी जास्तीच्या थापल्या, आणि एका ताटलीत गूळ, भाजलेले शेंगदाणे, वर झाकण, शेजारी पाण्याचा तांब्या. कशासाठी, तर विद्यापीठातनं जो माणूस बोलवायला येईल तो कोरडा जायला नको. मी हिरवं परकर-पोलकं घालून, कागद पिशवीत घालून उंबऱ्यात बसले. तयार. बोलावणं आलं की निघायचं.

रस्त्यावरनं टेम्पो गेले, दुधाच्या किटल्या घेऊन सायकली गेल्या, मनमाडकडं जाणारी एसटी गेली. पोस्टमन आला. दादा उठून उभे राहिले. तो शेजारी मनीऑर्डर देऊन निघून गेला. दादा परत बसले. दुपार झाली. आई म्हणाली, "जेवून घ्या आता." दादा म्हणाले, "येऊ दे की माणूस, त्येच्यासंगं बसू." ताटलीला मुंग्या लागल्या, आईनं त्या फुंकरीनं झाडल्या आणि ताटली पाण्याच्या परातीत ठेवली. तसंच बसलो.

उन्हं कलली तेव्हा खाला आली. एकटी. एसटीतनं उतरून घरी न जाता सरळ आमच्याकडं. एरवी आळीच्या तोंडापासनं तिचा आवाज यायचा, त्या दिवशी दारात येऊन उभी राहिली तरी कळलं नाही. आईनं पाणी दिलं. ते तिनं हातातच धरलं.

"शमीमला मिळाली," ती म्हणाली. "एकच उरली हुती."

आई म्हणाली, "बरं झालं बाई. चांगलं झालं."

"न्हाई, ऐका माझं. तुमच्या पोरीचं नाव आधी घेतलं. मोठ्यानं. सगळ्या हॉलमधी. मी उठले, म्हनलं, येतीय, येतीय ती, गाडी चुकली असंल, जरा थांबा साहेब. ते थांबले. परत नाव घेतलं. म्हनलं, अजून थोडं थांबा. शमीम माझा पदर ओढाया लागली. साहेब म्हनले, बाई, किती थांबनार? मग शमीमचं घेतलं." खाला माझ्याकडं बघत नव्हती, दादांकडं बघत होती. "मी काय करू, भाऊ? मी नको म्हनाया पायजे हुतं का?"

दादांनी तिचा शेवटचा प्रश्न ऐकलाच नाही बहुतेक. ते म्हणाले, "नाव घेतलं?"

"घेतलं की."

"नुसतं ए म्हनले न्हाईत? पुरं नाव घेतलं, बापाच्या नावासकट?"

"व्हय भाऊ. तुमचं बी नाव घेतलं."

दादा बाजेवर टेकले. म्हणाले, "मंजी बोलावलं हुतं." एवढंच. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मी तो आवाज पुढं बरीच वर्षं मनात वाजवून बघितला, त्यात मानही होता आणि दुसरंही काहीतरी. मग ते आईला म्हणाले, "ती ताटली खालाला दे. बोलवायला आलेलं मानूस त्येच हाय." आणि खाला, जी कधी रडताना दिसली नाही, ती गूळ तोंडात धरून रडली. आम्ही कुणी रडलो नाही. मग सगळ्यांनी त्या जास्तीच्या भाकरी खाल्ल्या, कारण भूक लागली होती.

शमीम कॉलेजला गेली. तिचं वाईट वाटलं का म्हणशील, तर वाटलं, पण तिच्यावर राग धरायला जागा नव्हती. ती सुट्टीला आली की मागच्या वर्षाची पुस्तकं माझ्या मांडीवर टाकायची आणि म्हणायची, "घे, माझं डोकं दुखलं, आता तुझं दुखू दे." इंग्रजी पुस्तकं, शब्दकोश घेऊन मी ती उलगडत बसायची. काही कळायचं, पुष्कळ कळायचं नाही. माझं शिक्षण ते एवढंच. आता ती नाशिकला लेकाकडं असते, दोघींचे गुडघे सारखेच दुखतात आणि फोनवर दोघी रसायनशास्त्रावर नाही, तेलावर बोलतो.

पण गोष्ट तिथं संपत नाही. पुढं एका वर्षी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला, सामान मांडायला माणूस पाहिजे असं कानावर आलं. जाहिरात नाही, बोलावणं नाही, नुसतं कानावर. सकाळी उठून बघते तर दादा तोच धुतलेला सदरा घालून तयार. म्हणाले, "चल. कागद घे." शाळेचं फाटक उघडायच्या आधी आम्ही फाटकात. मी दादांकडं चोरून बघत होते. जो माणूस लग्नाच्या मांडवाकडं न बोलावता नजर टाकायचा नाही, तो फाटकाच्या गजांना हात लावून उभा. क्लार्क आला, कुलूप काढता काढता म्हणाला, "काय काम आहे? कुणी बोलावलंय तुम्हाला?"

दादा म्हणाले, "कुनी न्हाई. आमीच आलोय."

त्यानं स्टूल दिलं, दादा बसले नाहीत. प्रार्थना झाली, तास झाले, मधली सुट्टी झाली, पोरं आमच्याकडं बघत बघत चिंचा खात होती. दादा उभेच. शेवटच्या तासानंतर मुख्याध्यापकांनी आत घेतलं, आणि मी रिटायर होईपर्यंत त्याच खोलीत होते. नळ्या धुतल्या की मी एखादी उजेडाकडं धरून बघायची. रिकामीच असायची, पण बघायची. दादांनी त्या दिवसाचा विषय परत कधी काढला नाही. वाटेत घरी येताना फक्त म्हणाले, "पाय लई दुखत्यात गं, उभं राहिलं की." मी म्हणाले, "गव्हाणीवर उभेच असता की." तर म्हणाले, "ते येगळं."

तेव्हा बाई, वेटिंगला काय होतं ते मला विचार. पुढचे कुणी गळतात, कुणी गळत नाहीत, ते आपल्या हातात नाही. मोजत बसू नकोस, मोजून जागा वाढत नाही. तुझ्या त्या शेवटच्या राऊंडला कागद अस्सल घे, झेरॉक्स घे, डबा घे आणि जिथं नाव घेतील तिथं कानाच्या टप्प्यात जाऊन बस. नाव घेतलं तर ओ दे. नाही घेतलं तर उठून ये. दोन्हीत कमीपणा नाही. उरलेल्या जागेवर बसलेला माणूस पुढं उरलेला राहत नाही, शमीमला विचार.

आणि काहीही होवो, तिथनं निघालीस की आधी इकडं ये. उन्हाळ्यात घातलेलं कैरीचं लोणचं मुरलंय, ठेचा ताजा करीन. न बोलावता यायला तुला हरकत नसावी, पण पणजोबाचं रक्त आहे, भरवसा नाही. म्हणून वर सुरुवातीलाच ये म्हणाले ते पहिलं समज, आणि हे दुसरं. नाव घेऊन, बापाच्या नावासकट बोलावते. तुझ्या बापाला कागद दाखव, खरं वाटलं नाही तर.

प्रज्ञा, चल. पानं मांडली.